आधी कण, मग साखळी: इमल्शन पॉलिमरायझेशनमध्ये कणांचा आकार आणि रेणुभार कसा सांभाळायचा

इमल्शन पॉलिमरायझेशन म्हणजे मोनोमरचे छोटे रेणू साबणाच्या पाण्यातल्या सूक्ष्म कणांच्या आत जुळवून लांब साखळ्या, म्हणजे पॉलिमर, बनवणं. त्याची बॅच बिघडली की तक्रार दोनपैकी एक असते: कण हव्या त्या आकाराचे निघाले नाहीत किंवा रेणुभार (साखळ्यांची लांबी) सरकला. मग पुढच्या बॅचला साबण वाढवला जातो, परसल्फेट (क्रिया सुरू करणारं रसायन, म्हणजे आरंभक) थोडं जास्त पडतं, ढवळणीचा वेग वाढतो, तापमान पाच अंशांनी हलवलं जातं. चार गोष्टी एकदम बदलल्यावर जे निघतं ते कशामुळे निघालं हे कोणालाच सांगता येत नाही.

मूळ अडचण अशी की इमल्शनमध्ये हे दोन आकडे सुटे नाहीत. साखळी वाढते ती कणाच्या आत. कणांची संख्या वाढली की प्रत्येक कणाच्या वाट्याला येणारे मुक्तमूलक (आरंभकातून सुटणारे, साखळी सुरू करणारे आणि थांबवणारे क्रियाशील तुकडे) कमी होतात, साखळीला वाढायला जास्त वेळ मिळतो आणि रेणुभार चढतो. म्हणजे कणांची संख्या बदलली की रेणुभारही आपोआप बदलतो. उलट दिशेने मात्र तसं फारसं होत नाही: साखळी तोडणारं रसायन बेतानं वापरलं तर कणांची संख्या जवळपास तशीच राहते. म्हणून क्रम एकच. आधी कणांची संख्या पक्की करायची, आणि ती पक्की झाल्याचं मोजून पाहिल्यावरच रेणुभाराला हात लावायचा.

खालची पद्धत स्टायरीन-अक्रिलिक बाइंडरची (वाळून फिल्म धरणाऱ्या द्रवाची) आहे आणि दोन लिटरच्या काचेच्या फ्लास्कसाठी लिहिली आहे. जळगावच्या विद्यापीठातल्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत प्रकल्प करणारा विद्यार्थी असो की जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत बाइंडर बसवू पाहणारा छोटा कारखानदार, सुरुवात याच मापाने करावी. खानदेशातलं पाणी, उन्हाळा आणि जाणारी-येणारी वीज या तिन्हींचा या कामावर थेट परिणाम होतो, त्यामुळे त्या त्या टप्प्यावर त्यांचा हिशेब दिला आहे.

## टप्पा १ : पाणी, मोनोमर आणि खोली

पाणी. काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे एसएलएस, हा ऋणभारी साबण. हे क्षार त्याची आणि कणांवरच्या विद्युतभाराची ताकद खातात, कण एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या पडतात. घरगुती आरओचं पाणी पुरेसं नाही. डीएम (क्षार काढलेलं) पाणीच घ्या, चालकता ५ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आत हवी. डीएम प्लांटचं रेझिन संपत आलं की चालकता हळूहळू चढते, म्हणून प्रत्येक बॅचच्या दिवशी मीटर लावा. मागच्या आठवड्याची नोंद धरू नका.

मोनोमर. स्टायरीनमध्ये टीबीसी आणि अक्रिलेटमध्ये एमईएचक्यू हे रोधक (मोनोमर आपोआप जुळू न देणारी रसायनं) साधारण १० ते २० पीपीएम असतात. दोघांनाही काम करायला विरघळलेला ऑक्सिजन लागतो. म्हणून साठवणीच्या मोनोमरवर नायट्रोजन भरू नका. चांगल्या हेतूने केलेली ही चूक धोकादायक आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमधल्या ड्रममधला रोधक झपाट्याने संपतो आणि स्टायरीन ड्रममध्येच जुळू लागतं.

तपासणी: स्टायरीनचे काही थेंब मिथेनॉलमध्ये टाका. द्रव गढूळ झाला तर त्यात आधीच पॉलिमर आहे. तो ड्रम या कामाला घेऊ नका.

सीडसाठी (आधी बनवून ठेवायच्या बारीक बीजकणांसाठी, टप्पा २) स्टायरीन रोधकमुक्त करून घ्यावं: १० टक्के कॉस्टिकच्या द्रावणाने दोन-तीनदा धुवा, मग लिटमस बदलेनासा होईपर्यंत डीएम पाण्याने धुवा, आणि त्याच दिवशी वापरा. उरलेलं शीतकपाटात. मुख्य बॅचसाठी रोधक काढायची गरज नाही, पण सगळ्या चाचण्यांसाठी मोनोमर एकाच लॉटचा ठेवा.

सावधान: स्टायरीनचा ज्वलनबिंदू ३१-३२ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, ब्युटाइल अक्रिलेटचाही ४० च्या आत. खानदेशात मार्चपासून जूनपर्यंत दुपारी खोलीचं तापमानच त्याच्या वर असतं. म्हणजे उघड्या भांड्यावर पेट घेऊ शकणारी वाफ कायम आहे असं धरूनच वागायचं. हीटिंग मँटल नको, थर्मोस्टॅटचं वॉटर बाथ घ्या. ढवळणीची मोटर फ्लेमप्रूफ, ड्रमला अर्थिंग, मोनोमर मोजायचं काम सकाळी लवकर आणि हूडखाली (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात).

थंडीची अडचण उलटी आहे. अक्रिलिक ॲसिड १३-१४ अंशांना गोठतं, आणि धुळ्या-जळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा त्याखाली सहज जातो. गोठताना रोधक उरलेल्या द्रवात जमा होतो आणि स्फटिक रोधकाविना राहतात. गोठलेला कॅन हीटरवर किंवा वाफेवर कधीच वितळवू नका. २५-३० अंशांच्या पाण्यात ठेवा, अधूनमधून हलवा, आणि पूर्ण वितळून एकजीव झाल्याशिवाय त्यातून एक थेंबही ओतू नका.

## टप्पा २ : सीड बनवणे

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. ते मुख्य बॅचमध्येच कण जन्माला घालतात. कण जन्मण्याची अवस्था काही मिनिटांची असते, आणि तेवढ्या वेळात ऑक्सिजन किती उरला होता, तापमान किती वेगाने चढलं, साबण किती सुटा होता यावर कणांची संख्या ठरून जाते. त्यामुळे एकाच कृतीच्या दोन बॅचेस वेगळ्या निघतात.

साबण वाढवून हे सुधारत नाही. स्मिथ-एवार्टच्या नियमाप्रमाणे स्टायरीनसारख्या मोनोमरमध्ये कणांची संख्या साबणाच्या ०.६ व्या आणि आरंभकाच्या ०.४ व्या घाताने वाढते. साबण दुप्पट केला तर कण दीडपट होतात, पण व्यास संख्येच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने तो फक्त १३ टक्क्यांनी घटतो. दुप्पट साबणाने फेस आणि पाण्याला कच्ची फिल्म मात्र नक्की मिळते.

त्यापेक्षा एकदा सीड बनवावा, मोजावा, आणि त्याच साठ्यातून सगळ्या बॅचेस कराव्यात.

सीडची कृती:

- डीएम पाणी ३८५ ग्रॅम
- एसएलएस ५ ग्रॅम (शुद्ध धरून)
- सोडियम बायकार्बोनेट ०.५ ग्रॅम
- रोधकमुक्त स्टायरीन १०० ग्रॅम
- अमोनियम परसल्फेट १ ग्रॅम, १५ ग्रॅम पाण्यात विरघळवून

१. पाणी, एसएलएस आणि बायकार्बोनेट फ्लास्कमध्ये घेऊन विरघळवा. कंडेन्सर, थर्मामीटर, नायट्रोजनची नळी आणि अर्धचंद्राकृती पात्याची ढवळणी बसवा.

२. नायट्रोजन पाण्याच्या आत सोडून अर्धा तास चालू ठेवा, त्याच वेळात ७० अंशांपर्यंत तापवा. मग नळी वर ओढून पृष्ठभागावर ठेवा. पुढेही आत बुडबुडे चालू ठेवले तर फेस होतो आणि मोनोमर उडून जातो.

३. स्टायरीन घाला, साधारण २५० फेऱ्यांवर १५ मिनिटं ढवळा, तापमान पुन्हा ७० वर येऊ द्या.

४. परसल्फेटचं द्रावण एका दमात घाला. घड्याळ सुरू करा.

५. ७० अंशांवर चार तास, मग ८० वर एक तास. थंड करून नायलॉनच्या १०० मेश कापडातून गाळा.

तपासणी: परसल्फेट टाकल्यावर काही मिनिटांत पांढऱ्या द्रवाला निळसर झाक यायला हवी. अर्धा तास काहीच घडलं नाही तर ऑक्सिजन किंवा रोधक उरला आहे. अशा वेळी आणखी परसल्फेट ओतू नका, ती बॅच सीड म्हणून बाद धरा.

एसएलएसच्या वजनात नेहमी होणारी चूक: बाजारात ते पूड म्हणूनही मिळतं आणि २८-३० टक्क्यांचं द्रव म्हणूनही. द्रवाचे ५ ग्रॅम घेतले तर साबण प्रत्यक्षात दीड ग्रॅमच पडतो. पिशवीवरची किंवा कॅनवरची सक्रिय टक्केवारी पाहूनच वजन काढा.

## टप्पा ३ : सीड मोजणे आणि हिशेब

वरच्या कृतीत कण बहुधा ४५ ते ६५ नॅनोमीटरचे येतात. अंदाज नको, डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा व्यास काढणाऱ्या यंत्रावर) मोजा. पातळ करायला साधं डीएम पाणी नको, त्यात १ मिलिमोलर सोडियम क्लोराइड घालून ते गाळून घ्या. नमुना इतका पातळ करा की द्रव जेमतेम निळसर दिसेल. दाट नमुन्यात प्रकाश अनेकदा विखुरतो आणि व्यास खोटा येतो. पसरणीचा निर्देशांक, म्हणजे पीडीआय, ०.१ च्या आत हवा. तो ०.२ च्या पुढे असेल तर सीड टाकून द्या. वाकड्या सीडवर सरळ बॅच होत नाही.

पुढचा हिशेब साधा आहे. नवे कण जन्मले नाहीत आणि जुने चिकटले नाहीत, तर

अंतिम व्यास = सीडचा व्यास × घनमूळ (एकूण पॉलिमर ÷ सीडमधलं पॉलिमर)

सीड ५० नॅनोमीटरचा आहे आणि १५० चे कण हवेत. व्यास तिप्पट, म्हणजे वस्तुमान २७ पट. नवा मोनोमर ४५० ग्रॅम असेल तर सीडमधलं पॉलिमर ४५० ÷ २६ = १७.३ ग्रॅम हवं. सीड लॅटेक्समध्ये (कण असलेल्या तयार द्रवात) पॉलिमर १९.७ टक्के आहे, म्हणून लॅटेक्स ८८ ग्रॅम.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, ओव्हनमध्ये वाळवून मोजलेला घनांश २१ टक्के येतो, पण त्यात साबण आणि क्षारही आहेत. तो आकडा थेट वापरू नका. दुसरं, सीडच्या व्यासातली चूक पुढे त्याच पटीत वाढते. सीड प्रत्यक्षात ६० चा असेल आणि तुम्ही ५० धरला, तर बॅच १८० ची निघेल.

साबणाची मर्यादा. आता नवे कण जन्मू द्यायचे नाहीत, म्हणून सुटा साबण राहता कामा नये. ढोबळ मानाने १ ग्रॅम शुद्ध एसएलएस कणांचा १,००० चौरस मीटर पृष्ठभाग झाकतो. ५० नॅनोमीटरच्या १ ग्रॅम कणांचा पृष्ठभाग ११४ चौरस मीटर असतो, १५० च्या कणांचा ३८. सुरुवातीला १७.३ ग्रॅम कण आणि सीडबरोबर आलेला ०.८७ ग्रॅम साबण, म्हणजे ४४ टक्के झाकण. शेवटी ४६७ ग्रॅम कण आणि एकूण ५.४ ग्रॅम एसएलएस, म्हणजे ३० टक्के. हे झाकण ३० ते ५० टक्क्यांत ठेवा. त्याच्या फार वर गेलात तर नवे कण जन्मायला वाव मिळतो, फार खाली गेलात तर गुठळ्या. कृती बदलली की हा हिशेब सुरुवात, मध्य आणि शेवट असा तिन्ही वेळेला पुन्हा करा.

## टप्पा ४ : मुख्य बॅचची मांडणी

फ्लास्कमध्ये:

- डीएम पाणी १९० ग्रॅम
- सीड लॅटेक्स ८८ ग्रॅम (तुमच्या मोजणीप्रमाणे बदला)
- सोडियम बायकार्बोनेट १ ग्रॅम

प्री-इमल्शन (आधीच साबणाच्या पाण्यात मिसळलेला मोनोमर):

- डीएम पाणी १८० ग्रॅम
- एसएलएस ४.५ ग्रॅम, नॉन-आयनिक साबण ४.५ ग्रॅम (दोन्ही शुद्ध धरून)
- स्टायरीन २६० ग्रॅम, ब्युटाइल अक्रिलेट १८५ ग्रॅम, अक्रिलिक ॲसिड ५ ग्रॅम
- एन-डोडेसिल मरकॅप्टन (साखळी तोडणारं रसायन): पहिल्या बॅचला शून्य

आरंभक:

- सुरुवातीला अमोनियम परसल्फेट ०.७५ ग्रॅम, १५ ग्रॅम पाण्यात
- फीडसाठी (पुढे हळूहळू सोडायला) १.५ ग्रॅम, ४५ ग्रॅम पाण्यात

या मिश्रणाचं काचसंक्रमण तापमान (ज्याखाली फिल्म कडक होते) फॉक्सच्या सूत्राने १६ अंशांच्या आसपास येतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात यापेक्षा मऊ फिल्म चिकट राहते आणि धूळ धरते.

प्री-इमल्शन करताना आधी साबण पाण्यात पूर्ण विरघळवा, मग ढवळत ढवळत मोनोमर हळूहळू घाला. मरकॅप्टन वापरायचं असेल तेव्हा ते स्टायरीनमध्ये विरघळवूनच घाला. पाण्यात टाकलं तर वर तरंगतं आणि सगळं फीडच्या सुरुवातीला किंवा शेवटाला जातं.

तपासणी: प्री-इमल्शन १० मिनिटं न ढवळता ठेवा. वर मोनोमरची साय आली तर ते टिकाऊ नाही. टिकाऊ असलं तरी फीड संपेपर्यंत मंद ढवळणी चालू राहिली पाहिजे.

## टप्पा ५ : फीड

१. फ्लास्कमधलं पाणी, बायकार्बोनेट आणि सीड नायट्रोजनखाली ८० अंशांवर आणा. ढवळणी २०० ते २५० फेऱ्या, मध्ये भोवरा पडू नये.

२. सुरुवातीचं परसल्फेट घाला, ५ मिनिटं थांबा.

३. प्री-इमल्शन पहिली २० मिनिटं मिनिटाला १.३ ग्रॅम, मग २.८ ग्रॅम. एकूण चार तास.

४. परसल्फेटचं फीड त्याच वेळी सुरू करा, मिनिटाला ०.१८ ग्रॅम. ते प्री-इमल्शननंतर १५ मिनिटांनी संपेल.

५. तापमान ८० अंश, एका अंशापेक्षा जास्त हलू देऊ नका. परसल्फेटचं अर्धायुष्य ७० अंशांना साधारण ८ तास आणि ८० ला साधारण २ तास. दहा अंशांत मुक्तमूलकांचा पुरवठा चौपट होतो, आणि रेणुभार त्यामागे फरफटतो.

ढवळणीबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे की जोरात ढवळलं की कण बारीक होतात. इमल्शनमध्ये तसं होत नाही. कण थेंब फुटून होत नाहीत, सीड वाढून होतात. ढवळणीचं काम एवढंच की मोनोमर वर साठू नये आणि उष्णता बाहेर पडावी. वेग वाढवला तर कण एकमेकांवर आपटून गुठळ्या होतात आणि पात्यावर थर बसतो.

फीड पंपाची सिलिकॉनची नळी स्टायरीनने फुगते, आतलं छिद्र बदलतं आणि दर सरकतो. पीटीएफईची (टेफ्लॉनची) नळी वापरा. नळी कोणतीही असो, प्री-इमल्शनचं भांडं वजनकाट्यावर ठेवा आणि दर १५ मिनिटांनी प्रत्यक्ष किती गेलं ते लिहा. पंपाच्या तबकडीवरच्या आकड्यावर विसंबू नका.

सावधान, लाइट गेली तर: ढवळणी थांबताक्षणी दोन्ही फीड बंद करा. नायट्रोजन चालू ठेवा, बाथमध्ये थंड पाणी किंवा बर्फ घाला. वीज आली की आधी ढवळणी, मग तापमान, मग नमुना काढून रूपांतर (पडलेल्यापैकी किती टक्के मोनोमर जुळला ते) पाहा, आणि फीड जुन्याच दराने सुरू करा. वाया गेलेला वेळ भरून काढायला दर वाढवला की मोनोमर साचतो. शक्य असेल तर ढवळणी आणि थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर ठेवा, फीड पंप मात्र ठेवू नका. वीज गेल्यावर तो आपोआप बंद पडणंच सुरक्षित आहे.

## टप्पा ६ : चालू बॅचमधली तपासणी

या टप्प्याला सगळ्यात जास्त लक्ष द्या. सगळं गणित एका अटीवर उभं आहे: मोनोमर पडताच संपला पाहिजे. रूपांतर ९० टक्क्यांच्या वर असेल तर रिॲक्टरमध्ये साठा नसतो, स्टायरीन आणि अक्रिलेटचं प्रमाण साखळीत जसंच्या तसं उतरतं, आणि मरकॅप्टनही जितकं येतं तितकं खर्च होतं.

दर अर्ध्या तासाला २-३ ग्रॅम नमुना वजन केलेल्या फॉइलच्या वाटीत घ्या, लगेच १ टक्का हायड्रोक्विनोनचा एक थेंब टाका, ११० अंशांवर तासभर वाळवा.

दोन तासांचं उदाहरण. तोवर प्री-इमल्शन ३०६ ग्रॅम गेलेलं आहे, त्यात मोनोमर २१५ ग्रॅम. फ्लास्कमधला एकूण ऐवज ६२२ ग्रॅम. सगळा मोनोमर जुळला असता तर घनांश ३८.६ टक्के आला असता. ३५.१ आला तर रूपांतर ९० टक्के. त्याखाली गेलात तर फीड थांबवा, १५-२० मिनिटं वाट पाहा, पुन्हा नमुना घ्या.

साठा का नको ते उष्णतेतून दिसतं. या मोनोमरांची पॉलिमरायझेशनची उष्णता किलोला ६०० ते ६७० किलोज्यूल आहे. वरच्याच क्षणी रूपांतर ७० टक्केच असेल तर सुमारे ६४ ग्रॅम मोनोमर साचलेला आहे. तो एकदम पेटला तर तापमान २० अंशांनी उसळू शकतं, म्हणजे ८० चं थेट १००. हीच कृती एक टनाच्या रिॲक्टरवर नेली तर चार तास सलग २० किलोवॉट उष्णता बाहेर काढावी लागते. हिवाळ्यात जॅकेटला २० अंशांचं पाणी मिळतं, मे महिन्यात छतावरच्या टाकीतून ३६ चं. ८० अंशांच्या ऐवजाशी असलेला फरक ६० वरून ४४ वर येतो, थंड करण्याची ताकद पाव भागाहून जास्त घटते. उन्हाळ्यात फीडचा वेळ वाढवा, किंवा बॅच रात्री लावा.

त्याच नमुन्यांतून दोन थेंब डीएलएससाठी बाजूला ठेवा. अपेक्षित व्यास असे: तासाभराने सुमारे ९३ नॅनोमीटर, दोन तासांनी ११७, शेवटी १५०.

मोजमाप अपेक्षेपेक्षा कमी आलं तर नवे कण जन्मलेत, जास्त आलं तर जुने चिकटलेत. शेवटी १५० ऐवजी १३० मिळाले तर कण ५० टक्क्यांहून जास्त वाढलेले असतात. १७० मिळाले तर जवळपास ३० टक्के कण एकमेकांत विरून गेलेले असतात. व्यासातला छोटा फरक दिसायला किरकोळ, संख्येत मोठा.

## टप्पा ७ : शेवट करणे

फीड संपल्यावर ८० वर एक तास ठेवा. मग ६० अंशांपर्यंत उतरवून उरलेला मोनोमर संपवायला टर्ट-ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइडचं (७० टक्के) ०.६ ग्रॅम ८ ग्रॅम पाण्यात आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड ०.५ ग्रॅम ८ ग्रॅम पाण्यात, वेगवेगळ्या फनेलमधून अर्ध्या तासात सोडा. ही दोन द्रावणं बाहेर कधीही एकत्र करू नका.

ही जोडी घाईने टाकणं ही रेणुभार बिघडवणारी, सहसा लक्षात न येणारी चूक आहे. रूपांतर ९७-९८ टक्क्यांच्या वर जाण्याआधी ती टाकली तर भरपूर मुक्तमूलकं आणि थोडा मोनोमर अशी स्थिती होते, आणि आखूड साखळ्यांचं शेपूट तयार होतं. फिल्मचा चिकटपणा बऱ्याचदा यातूनच येतो.

४० अंशांखाली आल्यावर पीएच पाहा. अमोनियाशिवाय तो ३.५ ते ४.५ दरम्यान असतो. परसल्फेट विघटताना आम्ल सोडतं, म्हणून बायकार्बोनेट विसरलं तर तो ३ च्या खाली जातो. १० टक्क्यांचा अमोनिया थेंब-थेंब घालत पीएच ८ पर्यंत न्या. तीव्र अमोनिया ओतला तर जिथे पडतो तिथेच दाणे पडतात.

१०० मेशमधून गाळा, कापडावरचा गाळ वाळवून वजन करा. घनांशाच्या ०.१ टक्क्यापेक्षा कमी असेल तर बॅच चांगली.

## टप्पा ८ : आता रेणुभार

मरकॅप्टनशिवायच्या दोन बॅचेस ५ नॅनोमीटरच्या आत जुळल्याशिवाय इथे येऊ नका.

रेणुभार कमी करायला परसल्फेट वाढवू नका. त्याने क्षार वाढतात, कण चिकटण्याची शक्यता वाढते आणि पाण्याला फिल्म कच्ची होते. मरकॅप्टनच वापरा. सगळं मरकॅप्टन खर्च होत असेल तर त्याने घातलेली वरची मर्यादा अशी काढता येते:

सरासरी रेणुभार = मोनोमरचं वजन ÷ मरकॅप्टनचे मोल

एन-डोडेसिल मरकॅप्टनचा रेणुभार २०२. मोनोमरच्या ०.२ टक्के, म्हणजे ०.९ ग्रॅम घेतलं तर ०.००४४५ मोल, आणि उत्तर सुमारे १ लाख. ०.४५ ग्रॅमला २ लाख, १.८ ग्रॅमला ५० हजार. परसल्फेटच्या साखळ्याही मोजल्या जात असल्याने प्रत्यक्ष आकडा याच्या खाली येतो.

०, ०.४५, ०.९ आणि १.८ ग्रॅम अशा चार बॅचेस एकाच सीडवर करा. बाकी काहीही हलवू नका. साखळीच्या सरासरी लांबीचा व्यस्तांक आणि मरकॅप्टन-मोनोमर प्रमाण यांचा आलेख जवळपास सरळ रेषेत यावा.

मरकॅप्टन सगळं सुरुवातीला फ्लास्कमध्ये टाकणं ही सर्रास दिसणारी चूक. स्टायरीनबरोबर त्याचा साखळी-स्थानांतर स्थिरांक (वाढती साखळी मोनोमरच्या तुलनेत त्याच्याकडे किती पटीने वळते ते) १५ च्या वर आहे, म्हणजे ते मोनोमरपेक्षा कितीतरी आधी संपतं. पहिल्या साखळ्या आखूड, नंतरच्या बेलगाम लांब. मिथाइल मेथाक्रिलेटबरोबर तोच स्थिरांक १ च्या खाली आहे, तिथे उलट ते शेवटी उरतं. स्टायरीनची कृती मेथाक्रिलेटला जशीच्या तशी लावू नका.

रेणुभार मोजायला लॅटेक्स मिथेनॉलमध्ये ओतून पॉलिमर वेगळं करा, साबण धुऊन काढा, टीएचएफ या द्रावकात विरघळवून जीपीसीला (साखळ्या लांबीप्रमाणे वेगळ्या करून रेणुभार काढणाऱ्या चाचणीला) द्या. गाळणीवर फुगलेला जेल राहिला तर त्याचं वजन जरूर नोंदवा. ब्युटाइल अक्रिलेट असलेल्या साखळ्यांना फांद्या फुटतात, मरकॅप्टन शून्य असताना जेल बरंच निघू शकतं आणि जीपीसी फक्त विरघळलेल्या भागाचाच आकडा सांगते. जीपीसी हाताशी नसेल तर उबेलोडे व्हिस्कोमीटरने टोल्यूइनमधल्या द्रावणाची सापेक्ष श्यानता काढा आणि बॅचेसची आपसात तुलना करा.

मरकॅप्टनचा वास दूरवर जातो. वजन हूडखाली, थेट स्टायरीनच्या भांड्यात करा. भांडी ब्लीचच्या पातळ द्रावणात बुडवून ठेवा.

## बिघाड ओळखताना

व्यास लहान, पीडीआय मोठा: नवे कण. साबणाचं झाकण पुन्हा मोजा, सीड खरोखर तेवढा पडला का पाहा.

व्यास मोठा आणि कापडावर गुठळ्या: पाण्याची चालकता, साबणाची सक्रिय टक्केवारी, ढवळणीचा वेग, याच क्रमाने.

व्यास बरोबर, रेणुभार खाली: तापमानाची नोंद आणि शेवटची पेरॉक्साइडची जोडी केव्हा टाकली ते पाहा.

व्यास बरोबर, रेणुभार वर आणि जेल: प्री-इमल्शन फाटलं होतं का, मरकॅप्टन बाटलीच्या तळाशी राहिलं का.

बॅच उशिरा सुरू झाली: नायट्रोजन, नाहीतर नवा लॉट.

## मण्यांचं सस्पेन्शन करत असाल तर

तिथे नियम उलटे आहेत. थेंबाचाच मणी होतो, म्हणून आकार ठरवतात ढवळणी, पात्याचा प्रकार आणि पीव्हीए (थेंब एकमेकांना चिकटू न देणारं, पाण्यात विरघळणारं पॉलिमर). वेग पहिल्या तासातच पक्का करा. साधारण ३० ते ७० टक्के रूपांतराच्या दरम्यान मणी चिकट असतात, त्या काळात वेग कमी केला किंवा ढवळणी थांबली की सगळा ऐवज एक गोळा होतो. आरंभक तेलात विरघळणारा, जसं बेंझॉइल पेरॉक्साइड. प्रत्येक मणी स्वतंत्रपणे जुळत असल्याने रेणुभार आरंभकाच्या मात्रेने आणि तापमानाने सरळ ठरतो, मण्याच्या आकाराशी त्याचा संबंध नाही.

पीव्हीसीत तर आरंभकाचाही फारसा हात नसतो. वाढती साखळी मोनोमरकडेच स्थानांतर करते, त्यामुळे रेणुभार जवळजवळ पूर्णपणे तापमानावर ठरतो. जळगावच्या पाइप कारखान्यांत येणाऱ्या रेझिनच्या गोण्यांवर के-६७ (के व्हॅल्यू, म्हणजे रेणुभार दाखवणारा आकडा) असं लिहिलेलं असतं, तो आकडा रिॲक्टर ५७ अंशांच्या आसपास धरून ठेवल्याने येतो. तापमान वर सरकलं की के व्हॅल्यू खाली येते, आणि पुढे कितीही आरंभक कमी-जास्त केला तरी ती परत चढत नाही.